साहेबांची सायकल

भाड्याची गाडी परत करायला वाशीमला यायचं आणि सायकल चालवायला मेडशीला जायचं, हा बेत नागपुरात फॅनखाली बसून, मोबाइलच्या नकाशावर आखलेला होता. नकाशावर दोन्ही गावं एका अंगठ्याखाली झाकली जात होती. प्रत्यक्षात मधे चाळीसेक किलोमीटरचा रस्ता होता, मालेगाव होतं आणि हरीओमची सासुरवाडी होती. सासुरवाडी किन्हीराजाला, म्हणजे मालेगावहून भलत्याच दिशेला. रस्त्यात नाही म्हणून त्यानं ती हिशेबात धरलीच नव्हती. चाळिशी उलटलेल्या, लग्नाला अठरा वर्षं झालेल्या माणसानं इतकं भाबडं असू नये, पण आता काय बोलणार.

हरीओम विम्याच्या ऑफिसात होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी एक स्प्रिंग बसवली आणि घरी पाठवताना सांगितलं, आता नेहमीसारखं जगा. घरच्यांनी तेवढं सोडून डॉक्टरांचं बाकी सगळं ऐकलं. तो पाण्याचा कॅन उचलायला वाकला की बायको, मंजुषा, स्वयंपाकघरातून धावत यायची. जिना चढताना शेजारी दार उघडून विचारायचे, बरं आहे ना? ऑफिसात फाइलींचा गठ्ठा त्याच्या हातातून शिपाई काढून घ्यायचा, आणि त्या शिपायाचे स्वतःचे गुडघे गेलेले होते. काचेच्या बरणीसारखं जपून घेण्याचा हरीओमला असा काही वीट आला, की त्यानं गुपचूप एक सायकल घेतली, मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवली आणि रोज पहाटे 'फिरायला' जाऊ लागला. डॉक्टरांना विचारून, बरं का. विचारलं नव्हतं ते फक्त मंजुषाला.

मग एका सायकल क्लबनं मेडशीच्या जंगलापासून थेट गोदावरीच्या काठापर्यंत जाणारी वाट आखल्याचं त्याला कळलं. पाच दिवसांची सायकलवारी, कच्चे रस्ते, धरणांचे बांध, झाडी. त्यानं नाव दिलं. पाचव्या दिवशी गोदावरीत पाय बुडवायचे आणि तिथून मंजुषाला फोन लावायचा, की मी इथवर माझ्या पायांनी आलो. त्यानंतर माझ्या हातातला कॅन कोणी हिसकावून दाखवावा. हे वाक्य त्यानं इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की ते त्याला झोपेतही आलं असतं.

अडचण एकच होती. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मेडशीला हजर व्हायचं, तिथे डॉक्टर बीपी बघणार, आणि ते ठीक निघालं तरच मनगटावर हिरवा पट्टा बांधणार. पट्टा नाही तर सायकल नाही. हरीओमला सायकलची भीती नव्हती, चढाची नव्हती, त्या मशीनची होती. कितीतरी महिने त्यानं दंडाला मशीनचा पट्टा गुंडाळू दिला नव्हता. मंजुषा रोज संध्याकाळी विचारायची, बीपी बघितलं का, आणि तो रोज हो म्हणायचा.

मंजुषाला सांगितलं, वाशीमला ऑफिसचं ट्रेनिंग आहे. स्वतःची गाडी नेली तर ती पाच दिवस जंगलाच्या तोंडाशी उभी करावी लागणार, आणि एसटीत सायकल घेत नाहीत, म्हणून भाड्याची कार. मागची सीट पाडून, सायकलचं पुढचं चाक काढून, समृद्धी महामार्गानं तो झकास आला. कार जमा करायची जागा वाशीमला होती. येताना मालेगाववरूनच आला. सायकल आधी मेडशीला टाकून मग वाशीमला यावं, हे त्याला वाशीमला पोचल्यावर सुचलं.

कार जमा करायची जागा म्हणजे गावाबाहेर एक पत्र्याचं शेड, समोर चहाची टपरी आणि मेहबूबभाई. मेहबूबभाईनं गाडीभोवती एक चक्कर मारली. तेवढ्यात हरीओमनं सायकल बाहेर ओढली आणि पॅडलनं बंपरवर चांगला हातभर ओरखडा उठवला. मेहबूबभाई उकिडवा बसला, बोट फिरवलं.

"साब, हे त आताचंच हाय."

इथे मुकाट्यानं भरपाई दिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण हरीओमला वाटलं, आपण काही परके नाही. तो म्हणाला, "मेहबूबभाई, मी किन्हीराजाचा जावई आहे. जगदेवराव माझे सासरे."

मेहबूबभाई उठून उभा राहिला. "जगदेवभाऊचे जवाई? आदी नाही का सांगाचं! आमच्या अब्बाईची दालमिल त्याईच्याच तुरीवर चालली." ओरखडा जागच्या जागी पुसला गेला, चहा आला, खुर्ची आली. आपण मोठी हुशारी केली असं हरीओमला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

"आता कुठी जाचं?"

"मेडशीला. काही टेम्पो वगैरे मिळेल का?"

मेहबूबभाईनं सायकलीकडे पाहिलं, मग हरीओमकडे, मग पुन्हा सायकलीकडे. "सायकल बिघडली काय?"

"नाही, नवीच आहे. उद्या लांब जायचंय. आज पाय राखायचे असतात." पाय राखायचे होते हे खरंच होतं, पण त्याहून जास्त बीपी राखायचं होतं. चाळीस किलोमीटर दामटून, घामाघूम होऊन मशीनसमोर बसायची त्याची तयारी नव्हती.

"म्हंजे सायकल चालवाची हाय म्हणून आज सायकल चालवाची नाही," मेहबूबभाईनं नीट समजून घेतलं.

"हो."

"बराबर हाय," तो म्हणाला. आजारी माणसाशी वाद घालू नये, तशा सुरात. "फिकर नोका करू. बसा, सोय करतो." आणि तो फोन घेऊन शेडच्या मागे गेला. सोय करायला माणूस शेडच्या मागे कशाला जातो, हा विचार हरीओमच्या डोक्यात आला नाही. तो चहात पारले बुडवत होता.

सोय म्हणजे मालेगावला लग्नाच्या खुर्च्या घेऊन निघालेला मंडपवाल्याचा टेम्पो. ड्रायव्हरजवळ दोन माणसं आधीच बसलेली, म्हणून हरीओम मागे खुर्च्यांत, सायकल उराशी धरून. दोन्ही बाजूंनी गुडघाभर सोयाबीन, वर ढगाळ आभाळ, हवा गार. सायकल चालवायला याहून सरस दिवस सापडला नसता. बाजूनं एक म्हातारा जुन्या सायकलवर चाऱ्याचा भारा घेऊन चालला होता. त्यानं टेम्पोतल्या सायकलीकडे आणि तिला धरून बसलेल्या माणसाकडे वळून वळून पाहिलं. हरीओमला स्वतःचाच राग आला. ज्या माणसाला कोणी उचलून नेलेलं नको होतं, तो पहिल्याच दिवशी खुर्च्यांबरोबर भाड्यानं चालला होता.

मालेगावला फाट्यावर टेम्पो आपणहून थांबला. तिथे एक बोलेरो उभी होती, बोलेरोला टेकून छत्री घेतलेले जगदेवराव उभे होते, आणि शेजारी हरीओमचा मेहुणा लखीराम.

मेहबूबभाईची सोय काय होती ते आता त्याला कळलं.

"या जवाईबापू," जगदेवराव म्हणाले. "धोंड्याचा महिना चालू हाय. तीन वर्सातून एकडाव येते. अन् जवाई गावावरून जाते, पानी न पेता?"

अधिक श्रावण चालू होता. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, कपडे करायचे. हे हरीओमला माहीत नव्हतं असं नाही. फक्त पंचांग आणि सायकलवारीचं वेळापत्रक त्यानं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

"मामाजी, ट्रेनिंग आहे. पाचच्या आत मेडशीला पोचायचंय."

"पाचले लय टाइम हाय. जेवसान अन् निंगसान. किन्हीराजा काही आडवाट नाही." किन्हीराजा बरोबर उलट्या दिशेला होतं, पण सासऱ्याला भूगोल शिकवायची जावयाला सोय नसते. जगदेवरावांची नजर आता सायकलीवर गेली. "अन् हे काय?"

इथे खरं सांगायची संधी होती. पण खरं सांगितलं की फोन मंजुषाला, आणि मंजुषाला फोन म्हणजे वारी संपली. हरीओमच्या तोंडून निघून गेलं, "साहेबांची आहे. साहेबांना शौक आहे. मेडशीला पोचवायला सांगितली."

जगदेवरावांचा चेहरा बदलला. "साहेबानं सांगतलं? स्प्रिंग बसवलेल्या मानसाले टेम्पोत सायकल धरून बसाले लावते? चार लोकं पाहून राह्यले जवाईबापू, का जगदेवचा जवाई सायकल घेऊन फिरून राह्यला म्हणून."

"नाही, तसे चांगले आहेत साहेब."

"मले पाहू द्या एकडाव, कसे चांगले हायेत त."

बोलेरोत मागे खताच्या गोण्या होत्या, सायकल मावेना. हरीओमला वाटलं, सुटलो, सायकलीबरोबर आपणही दुसऱ्या टेम्पोनं पुढे जाऊ. पण लखीरामनं सायकल एका हातानं उचलून पाहिली. "अबे, इतकी हलकी? साहेब उपाशी ठेवते काय हिले?" आणि टांग टाकली. "म्या नेतो भाऊजी. साहेबाची वस्तू साहेबाले टाइमावर भेटली पायजे. कुठी द्याची?"

"लखीराम, अरे नको, मी—"

"फारेस्टच्या गेटापाशी मंडप घातला हाय म्हणते लोकं, थेच ना?" म्हणत, पायात चप्पल, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, असा लखीराम मेडशीच्या रस्त्याला लागलाही. हरीओम पाहत राहिला. वर्षभर ज्या घडीची वाट पाहिली, ती डोळ्यांसमोर सुरू झाली होती, फक्त सायकलीवर दुसरा होता. मग त्याला बोलेरोत बसवून उलट्या दिशेला नेण्यात आलं.

किन्हीराजाला दोन पाट मांडलेले होते. एकावर हरीओम, दुसऱ्यावर मंजुषा पाहिजे. मंजुषा नागपुरात. गोजराबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यावर उपाय काढला होता. दुसऱ्या पाटावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला, व्हिडिओ कॉल लावला, आणि मोबाइलच्या काठाला हळदीकुंकू लावलं. पाटावरून मंजुषा नवऱ्याकडे पाहू लागली.

"ट्रेनिंग कसं चाललंय?"

"छान."

"वाशीमला होतं ना?"

"प्रॅक्टिकल मेडशीला आहे."

"असं," मंजुषा म्हणाली. "केस का चपटे झालेत?"

हेल्मेटमुळे झाले होते. टेम्पोत हातात धरायला जागा नव्हती म्हणून त्यानं ते डोक्यावर ठेवलं होतं आणि मालेगावला उतरल्यावर बॅगेत कोंबलं होतं. "वारा होता," तो म्हणाला.

"आई, त्यांना तूप जास्त वाढू नको."

"नाही वो माय," म्हणत गोजराबाईंनी धोंड्यावर तुपाची धार धरली, आणि मंजुषाला दिसू नये म्हणून मोबाइलच्या आड धरली. "खा जवाईबापू. दिवाळीले तुमी आले, त हे शेगावले गेलते. जवाई घरी अन् सासरा देवाले. तेवाचं राह्यलं व्हतं मनात."

हरीओमनं एक खाल्ला, दोन खाल्ले. चौथ्याला तो नको म्हणाला, तेव्हा गोजराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून पाचवाही खाल्ला. जगदेवराव उंबऱ्याजवळ बसून कोरडी भाकर आणि वरण खात होते.

"बाबा, तुम्ही धोंडे नाही घेतले?" पाटावरून मंजुषानं विचारलं.

"दाढ दुखून राह्यली," जगदेवराव म्हणाले आणि ताट घेऊन मोबाइलच्या नजरेबाहेर सरकले.

"बरं. अहो, संध्याकाळी बीपी बघून घ्या," मंजुषा म्हणाली, रोजच्यासारखं.

"हो," हरीओम म्हणाला, रोजच्यासारखं. त्याला आता धोंड्यांनी दम लागला होता आणि पोटापेक्षा घड्याळ जड झालं होतं. मग टॉवेल, टोपी, शर्टपीस, कुंकू, अनारशांचं वाण. एवढं सगळं झाल्यावर गोजराबाईंनी आणखी एक डबा भरला.

"हा कोणाला?"

"तुमच्या साहेबाले," गोजराबाई म्हणाल्या. "गोड तोंडानं सांगाव लागते मोठ्या मानसाले, का आमच्या जवायाले वझं नोका उचलू देऊ. मी बी येतो."

म्हणजे आता मेडशीला जाऊन बीपी द्यायचं, पट्टा बांधून घ्यायचा आणि वर एक साहेबही पैदा करायचा. बोलेरो जगदेवराव स्वतः चालवत होते, आणि अशी चालवत होते की पुढच्या बैलगाडीलाही मान मिळावा. "जपून जाऊ," ते म्हणाले, "जवाई हायेत गाडीत."

पाचला थोडा वेळ असताना मेडशीचा मंडप दिसला. रंगीबेरंगी घट्ट कपड्यातले लोक सायकली पुसत होते. गोजराबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पदर सावरून दुसरीकडे पाहायला सुरुवात केली. मंडपाच्या मधोमध, खुर्चीवर, केळी खात लखीराम बसला होता. शेजारी सायकल, सायकलीला नंबर लावलेला, आणि लखीरामच्या मनगटावर हिरवा पट्टा.

"भाऊजी, काम फत्ते," तो म्हणाला. "म्या सायकल देल्ली. थे म्हणे, हरीओम? त म्या म्हनलं, हो. नाव त तुमचंच सांगाव लागन ना, साहेबाचं नाव कोनाले मालूम? मंग म्हणे बसा, हात द्या. डॉक्टरीन बाई हात मांगते, अन् फुकट, त नाही कसं म्हनाचं? लय भारी निंगलं म्हणे. सोळा किलोमीटर सायकल हाणून बी." आणि मनगट पुढे केलं. "फक्त हा पट्टा साहेबाले कसा द्याचा? निंगत नाही."

टेबलामागून एक पोरगेलासा कार्यकर्ता लखीरामला म्हणाला, "हरीओमजी, सकाळी सहाला तयार राहा."

हरीओमच्या डोक्यात आता जे आलं, ते एरवी त्याच्यासारख्या सरळ माणसाच्या डोक्यात आलं नसतं, पण पोटात पाच धोंडे होते. हरीओम ठीक आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलंच होतं. पट्टा बांधून झाला होता. फक्त मनगट चुकलं होतं. पट्टा इकडून तिकडे आला, की मशीनसमोर बसायचं कारणच उरत नव्हतं.

"मामाजी, तुम्ही बसा, साहेब येतीलच," तो म्हणाला. "लखीराम, जरा हापशीवर ये."

फॉरेस्ट चौकीच्या मागे हापशी होती, कट्ट्यावर कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा पडलेला होता. हरीओमनं लखीरामचं मनगट ओलं केलं, साबण घासला आणि पट्टा ओढू लागला. अंगठ्याच्या सांध्यापर्यंत आला आणि अडकला. लखीराम ओठ दाबून उभा. साहेबाचं काम, म्हणून सहन करत होता.

"साहेबाचा पट्टा लखीरामच्या हातात," मागून जगदेवराव म्हणाले, "अन् साबन तुमच्या हातात. मंग साहेब कोन हाय जवाईबापू?"

हरीओमनं साबण कट्ट्यावर ठेवला. खोटं बोलून बोलून तो थकला होता. सायकल चालवून थकला असता तर निदान मजा तरी आली असती.

"मीच," तो म्हणाला. "सायकल माझी आहे. उद्या मी जाणार होतो, गोदावरीपर्यंत. मंजुषाला माहीत नाही."

जगदेवरावांनी लखीरामला बोटानं खूण केली. लखीराम साबण लागलेलं मनगट पुसत आईकडे गेला. जगदेवराव हापशीच्या कट्ट्यावर बसले.

"डॉक्टरीन त तिथीसाच बसली हाय. हात द्याले काय झालं?"

"जास्त निघालं तर परत पाठवतील."

"अन् लखीरामच्या हातानं गेले, त आतलं जे हाय थे कमी व्हते काय?"

"तुम्हाला नाही कळायचं मामाजी," हरीओम म्हणाला, आणि मग दोन वर्षांचं सगळं एका दमात बाहेर आलं. "दोन वर्षं मला कोणी बादली उचलू देत नाही. जिना चढलो की लोक मोजतात. आज सकाळपासून पाहा ना. टेम्पो, बोलेरो, पाट. सायकल घेऊन आलो आणि एक फुटसुद्धा चालवू दिली नाही कोणी. मला एकदा, एकदा तरी माझ्या पायांनी कुठंतरी जायचंय."

जगदेवरावांनी साबणाचा तुकडा उचलून कोरड्या जागी ठेवला. मग म्हणाले, "मले दोन हायेत."

"काय?"

"स्प्रिंगा. तुमाले एक, मले दोन. दिवाळीच्या आदी. अकोल्याले."

"दिवाळीला तुम्ही शेगावला होता ना?"

"शेगावचा रस्ता अकोल्यावरूनच जाते," जगदेवराव म्हणाले. "मंजूले सांगतलं नाही. तुमचं तिनं कसं काढलं, म्या दवाखान्यात पाह्यलं व्हतं. एकाचं सांबायलं पोरीनं. दुसऱ्याचं कायले टाकाचं तिच्या आंगावर?" ते आपल्या तळहाताकडे पाहत होते. "तेवापासून मी बी कोनाले हात देल्ला नाही. बीपीची गोयी घेतो, मशीन नाही. अन् बादलीचं म्हणता त, बादली उचलली का हा लखीराम शेतातून धावत येते. वावरात पायी निंगलो का मांगून गाडी."

हरीओमला हसू आलं. "मग तुम्हाला तर हे सगळं माहीत होतं. मग साहेबांची म्हणून का होईना, मला का नाही जाऊ दिलं सायकलवर, मालेगावहून?"

जगदेवरावांनी नवलानं पाहिलं. "जवाई हाय ना तुमी."

दोघं उठले आणि टेबलाकडे गेले.

टेबलाशी डॉक्टर फरहा बसल्या होत्या, वाशीमच्याच. हरीओमनं खरं काय ते सांगितलं. त्यांनी आधी लखीरामकडे, मग कात्रीकडे पाहिलं आणि लखीरामचा पट्टा कापून टाकला. लखीरामचा चेहरा उतरला. त्याला तो पट्टा आवडला होता. हरीओमनं बाही वर केली, दंड पुढे केला आणि डोळे मिटून घेतले.

"जास्त आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दुपारी काय खाल्लं?"

जगदेवराव म्हणाले, "धोंडे."

"किती?"

"जवाई हायेत," जगदेवराव म्हणाले. डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. अर्धा तास शांत बसा म्हणाल्या, मग पुन्हा बघू.

अर्धा तास हरीओम बाकावर बसला. शेजारी जगदेवराव बसले. कोणी पाणी आणलं नाही, कोणी पाठीवर हात फिरवला नाही, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हरीओम नुसता बसलेला माणूस होता. दुसऱ्यांदा मशीन लावलं तेव्हा डॉक्टरांनी आकडा पाहिला, स्टेथोस्कोप छातीला लावला, जुने रिपोर्ट मोबाइलवर पाहिले आणि म्हणाल्या, "जा, पण चढावर उतरून ढकलायची." हिरवा पट्टा त्याच्या मनगटावर बसला.

"आता तुमचा हात, काका," त्या जगदेवरावांना म्हणाल्या. जगदेवरावांनी इकडेतिकडे पाहिलं. गोजराबाई साहेबांचा डबा मांडीवर घेऊन, मोबाइल कानाला लावून लांब बसल्या होत्या. मग त्यांनीही बाही वर केली.

मशीन सुटतंय तोच हरीओमचा फोन वाजला. मंजुषा होती. रोजची वेळ, रोजचा प्रश्न.

"बीपी बघितलं?"

"हो," हरीओम म्हणाला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच हे हो खरं होतं, त्यामुळे त्याचं त्यालाच ते वेगळं ऐकू आलं. "एकशेचाळीस, नव्वद. मंजू, ऐक, मी ट्रेनिंगला आलेलो नाही. मी इथे—"

"ते राहू द्या. उद्या उतारावर जोरात जाऊ नका," मंजुषा म्हणाली. "आणि बाबांचं किती आलं?"

हरीओमनं सासऱ्याकडे पाहिलं. जगदेवराव बाहीची गुंडी लावत होते. पलीकडे गोजराबाई एकाएकी अनारशाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवण्यात गुंतल्या. हरीओमनं फोन जगदेवरावांच्या हातात दिला.